भरलेली पदे : एक

“विहीर एवढी जवळ असती, तर हिचे हात का दुखले असते!”

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी त्या वेळी जेवणाच्या टेबलाखाली उताणी पडून, तोंडात चार स्क्रू धरून फळीला पट्टी मारत होते. माझे सासरे माझ्या नाकापासून दीड फुटावर, टेबलाच्या वरच्या बाजूला, पुठ्ठ्याच्या विहिरीशी बोलत होते. खाली कुणी आहे हे ते विसरले होते. सून टेबलाखाली असू शकते, ही गोष्ट ऐंशीव्या वर्षी एकदम ध्यानात राहत नाही.

तोंडात स्क्रू होते म्हणून मी गप्प राहिले. नाहीतर मी नक्की “काय म्हणालात बाबा?” असं विचारलं असतं, आणि त्यांनी “काही नाही” म्हणून विषय मिटवला असता. आमच्या घरात विषय मिटवण्याची पद्धत हीच आहे.

‘ही’ म्हणजे माझ्या सासूबाई. आठ महिन्यांत बाबांच्या तोंडून त्यांचा उल्लेख मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आठ महिन्यांपूर्वी आई त्यांच्या धाकट्या बहिणीकडे चार दिवस राहायला गेल्या. बहीण याच शहरात राहते, दोन बस बदलल्या की घर. जाताना त्यांनी निळी बॅग नेली. तिची कडी तुटलेली आहे आणि तिला पिवळी नाडी बांधलेली असते. तेव्हापासून ते चार दिवस चालू आहेत. समोरच्या काकू विचारायच्या, “आल्या का सासूबाई?” मी म्हणायची, “येतील की आता चार दिवसांत.” पहिल्या महिन्यात काकू हे ऐकून हसायच्या. तिसऱ्या महिन्यात त्यांनी विचारणं बंद केलं आणि माझ्याकडे पाहून नुसती मान हलवायला लागल्या, ते जास्त जड गेलं.

त्या परत येतील की नाही, हे आम्हा तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या का गेल्या, हे तिघांनाही ठाऊक होतं.

बाबा रेल्वेत स्टेशनमास्तर होते. आमच्या इमारतीत त्यांना सगळे नुसतं ‘मास्तर’ म्हणतात, त्यामुळे निम्म्या लोकांचा समज आहे की ते शाळेत शिकवायचे. एकदा एक बाई मुलाला गणितासाठी घेऊन आल्या, तर बाबांनी त्याला दोन तास सिग्नल शिकवला. तर निवृत्त कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं बाबांचा सत्कार केला. शाल खांद्यावर घेऊन बाबा बोलायला उभे राहिले. त्या आडरानातल्या स्टेशनवर बावीस वर्षं कशी काढली ते त्यांनी सांगितलं. सिग्नलचा दिवा आला, मालधक्क्यावरचं लंगडं कुत्रं आलं, वाऱ्यानं उडालेला पत्रा आला. मग पिशवीतून चौकटीतलं प्रमाणपत्र काढून त्यांनी वाचून दाखवलं: ‘नोंदवही अत्यंत स्वच्छ व अचूक ठेवल्याबद्दल.’ आणि शेवटी म्हणाले, “बावीस वर्षं, मंडळी, त्या स्टेशनवर मी एकटा होतो.”

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या आईंनीही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी निळी बॅग दारात होती.

“बाबांना म्हणायचं होतं, कागदोपत्री एकटा,” माझे यजमान मला खोलीत म्हणाले.

“मग हे त्यांनी आईंना सांगावं ना.”

“अगं, ते कशाला सांगतील? त्यांच्या मते त्यात चुकलेलं काहीच नाही.”

आणि ते खरंच होतं. मी एकदाच, फार आडून, बाबांजवळ विषय काढला होता. त्यांनी बोटांवर हिशेब दाखवला. “मंजूर पदे दोन. मास्तर एक, रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन एक. पॉइंट्समनची जागा बावीस वर्षं रिकामी. उरले किती?” वजाबाकीत खरंच काही चूक नव्हती.

त्यानंतर बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसू लागले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांच्या वेळा लिहू लागले. त्यांचं अक्षर असं आहे, की त्यांनी लिहिलेली किराण्याची यादी औषधाच्या दुकानात नेली तर औषध मिळेल. ती वही कुणालाच वाचता येत नव्हती, हे त्यातल्या त्यात बरं. पण एक दिवस शाळेच्या बसचा ड्रायव्हर वर आला आणि म्हणाला, “मास्तरांना सांगा, मी उशिराचा खुलासा लेखी देऊ शकत नाही, माझी बायको रागावते.” तेव्हा मी ठरवलं, यांना गाडी दिली पाहिजे. छोटी, टेबलावर मावणारी. आणि तिला त्यांचंच स्टेशन.

मी रीतसर असं काहीच शिकलेली नाही. ब्लाउज बेतायला शिकले, ते एक जुना ब्लाउज उसवून. इस्त्री दुरुस्त करायला शिकले, ती बिघडवून. त्यामुळे वाचनालयातून दोन पुस्तकं आणली, फोनवर परदेशी म्हाताऱ्यांचे व्हिडिओ पाहिले, आणि वर्तमानपत्रावर खडूनं रेल्वे बेतायला बसले. छोट्या गाडीचं माप सत्त्याऐंशी पट लहान असतं. म्हणजे खऱ्या सत्त्याऐंशी फुटांचा इथं एक फूट. मला वाटलं, ब्लाउजपेक्षा सोपं आहे. रेल्वेला निदान बाही नसते.

“फलाट किती लांब होता, बाबा?”

“चारशे दहा फूट.” विचारण्याच्या आधीच उत्तर तयार होतं.

मी भागाकार केला. पावणेपाच फूट. आमचं जेवणाचं टेबल सहा फुटी. फलाट ठेवला की गावाला जागाच उरत नव्हती.

“आपण फलाट जरासा आखूड धरू या का? अडीच फूट?”

बाबांनी चष्मा काढला. “फलाट आखूड करण्याचा अधिकार मला नाही, सूनबाई. तो वरच्या ऑफिसचा.”

म्हणून मी वरच्या ऑफिसला पत्र लिहिलं. अधिकारासाठी नव्हे, तेवढी अजून माझी मती गेली नव्हती; स्टेशनचा जुना नकाशा मिळतो का, एवढंच विचारलं. सात आठवड्यांनी उत्तर आलं. ‘सदर शाखामार्ग बंद झाल्याने त्याचा नकाशा या कार्यालयात जतन केलेला नाही. नकाशा हवा असल्यास विहित नमुन्यात अर्ज करावा व सोबत नकाशाची एक प्रत जोडावी.’ बाबांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि समाधानानं म्हणाले, “पद्धत अजून तीच आहे.”

तर फलाट पावणेपाच फूट राहिला आणि टेबल वाढलं. आधी एका बाजूला दाराची जुनी फळी जोडली. मग पलीकडचं जंक्शन इस्त्रीच्या टेबलावर गेलं. या दोन स्टेशनांच्या मधून स्वयंपाकघरात जायची वाट जात होती, म्हणून तिथं उचलायची फळी केली. गाडी येणार असली की फळी खाली, आणि आपण बाहेर. मी हातात उतू जाणाऱ्या दुधाची चिंता घेऊन स्वतःच्या स्वयंपाकघराच्या दारात थांबलेली असायची आणि बाबा गंभीरपणे सांगायचे, “फाटक बंद आहे. दोन मिनिटं.” जेवण आम्ही उभ्यानं, ओट्याशी करायला लागलो. यजमानांचं वजन उतरलं, हा एक फायदा.

फळ्या वर आणताना सुतारानं वॉचमनला सांगितलं होतं, “तिसऱ्या मजल्यावर रेल्वेचं काम निघालंय.” वॉचमननं ते जसंच्या तसं रजिस्टरात लिहिलं. दुसऱ्या दिवशी इमारतीच्या सेक्रेटरींची नोटीस आली: विनापरवाना बांधकाम. मी जाऊन समजावलं. त्यांनी नियमांची पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली.

“वहिनी, यात लोहमार्गाचा उल्लेखच नाही. त्यामुळे मला परवानगी देता येत नाही.”

“मग नाकारता?”

“नाकारताही येत नाही. कशाखाली नाकारू?”

शेवटी असं ठरलं, की काम पूर्ण झालं की ते जातीनं पाहणी करतील आणि मग ठरवतील, की ते झालं आहे की नाही.

यापेक्षा मोठी अडचण वेगळीच निघाली. बाबांना स्टेशनची पुढची बाजू तोंडपाठ होती. सिग्नलचा खांब फलाटाच्या टोकापासून किती पावलं, दिव्याची काच कुठं तडकलेली, तिकिटाच्या खिडकीला गज किती, सगळं. पण स्टेशनच्या मागं, जिथं त्यांचं स्वतःचं घर होतं, तिथं त्यांच्या डोक्यात पांढरा कागद होता.

“घराला खिडक्या किती होत्या, बाबा?”

“असतील दोन-तीन.”

“स्वयंपाकघर कुठल्या बाजूला?”

“चहा डाव्या हाताला यायचा,” ते बराच विचार करून म्हणाले.

मी अंदाजानं विहीर केली आणि घराजवळ चिकटवली. त्याच विहिरीशी त्यांचं ते बोलणं झालं. स्क्रू मारून झाल्यावर मी टेबलाखालून निघाले, तोंड धुतलं आणि आईंना फोन लावला.

“आई, विहीर घरापासून किती लांब होती?”

आई म्हणाल्या, “कशाला हवंय?”

“छोटी करते आहे. बाबांच्या गाडीसाठी.”

“त्यांनाच विचार की. तिथं एकटेच तर होते.”

आता फोन ठेवतील, असं वाटलं. पण समोरचं माणूस चुकीची विहीर करतं आहे हे कळल्यावर गप्प राहणं आईंच्या स्वभावात नाही.

“भाताला आधण ठेवून निघालं, की दोन बादल्या घेऊन परत येईपर्यंत पाणी उकळलेलं असायचं. आणि वाटेत एकदा बादल्या खाली ठेवायच्या. एकदाच. तिथं चपटा दगड होता.”

हे अंतर मी सत्त्याऐंशीनं कसं भागलं, ते विचारू नका. मी ओट्यावर आधण ठेवलं, दोन बादल्या भरल्या आणि उकळी येईपर्यंत इमारतीच्या गच्चीवर येरझारा घातल्या. समोरच्या काकूंनी पाहिलं आणि संध्याकाळी यजमानांना बाजूला घेऊन म्हणाल्या, “सासूबाईंना लवकर आणा हो. हिच्यावर फार ताण आलाय.”

विहीर हलली. टेबलाच्या पार कडेला गेली. चपटा दगडही ठेवला. बाबांनी ती नवी जागा पाहिली. वाकून, बोटांच्या वितीनं घर ते विहीर मोजलं. पुन्हा मोजलं.

“कुणी सांगितलं?”

“आईंनी.”

“मी विचारायला सांगितलं नव्हतं.” आणि थोड्या वेळानं, सिग्नलला रंग देता देता, “इतकी लांब होती?”

मग रोज फोन होऊ लागला. खिडक्या तीन निघाल्या. चूल उजवीकडे निघाली. चहा डाव्या हाताला यायचा, कारण बाबा उलट्या तोंडानं बसत. बाबा म्हणायचे, “तिला सांग, मागच्या दाराला पायऱ्या दोन होत्या.” आई म्हणायच्या, “त्यांना सांग, तीन. तिसरी मी बसवली, कारण मी पडले होते.” मी इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे पोचवत होते.

आता त्या गोळ्याविषयी सांगितलं पाहिजे, कारण सगळं त्यावर अडलं. खेड्यातली ती लाइन एकेरी. समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून एक लोखंडी गोळा असे. आपल्या यंत्रातून गोळा बाहेर पडायचा, तर पलीकडच्या स्टेशनच्या मास्तरनं त्याच्याकडची कळ दाबून धरायला हवी. आधी घंटीचे ठोके देऊन विचारायचं, लाइन मोकळी आहे का; त्यानं ठोक्यांनीच उत्तर द्यायचं; मग गोळा निघणार, तो ड्रायव्हरच्या हातात जाणार आणि मगच गाडी हलणार. थोडक्यात, एका माणसाला कितीही वाटलं, तरी एकट्यानं गाडी सोडता येत नाही. बाबांनी हे मला इतक्या अभिमानानं समजावलं, की मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. आपण काय बोलतो आहोत हे कधीकधी माणसाला अजिबात ऐकू येत नाही.

टेबलावरची गाडीही गोळ्याशिवाय सुटणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. गोळा म्हणून मी आईंच्या कपाटातली डांबरगोळी घेतली. आठ महिन्यांत ते कपाट मी प्रथमच उघडलं. अर्ध्या साड्या तिथंच होत्या, हे पाहून मला बरं वाटलं. अर्ध्या नव्हत्या, हे पाहून बसले.

जंक्शनवर मास्तर म्हणून यजमानांची नेमणूक झाली. यजमान तेवीस वर्षं विम्याच्या ऑफिसात आहेत. तिथं कुठलीही गोष्ट वेळेवर सोडायची सवय नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी शेंगदाणे खाता खाता, गोळा न देताच गाडी सोडली. फाटकाची फळी वर होती. इंजिन आणि दोन डबे पुसायच्या बादलीत गेले. बाबांनी त्यांच्याकडून लेखी खुलासा मागितला. यजमानांनी ‘नजरचुकीने’ असं लिहिलं. ‘समाधानकारक नाही’ असा शेरा पडला आणि वय वर्षं एक्कावन्न असलेला माझा नवरा दोन दिवस निलंबित झाला.

“मी खरंच वाईट वाटून घेऊ का?” त्यांनी मला विचारलं.

“घ्या,” मी म्हटलं. “घरात कुणीतरी घ्यायला हवं.”

घंटी जोडायला खालच्या मजल्यावरचे वायरमन आले. त्यांनी एक शब्दही ऐकून न घेता सांगितलं, नवी घंटी कशाला, दाराची आहे ना! आणि जोडून टाकली. आता जंक्शनचं बटण दाबलं तरी तीच घंटी वाजे आणि दारावर कुणी आलं तरी तीच. दूधवाला सकाळी एक ठोका द्यायचा आणि बाबा झोपेतून उठून त्याला उत्तर द्यायचे. कुरियरवाल्यानं तर एकदा पाच ठोके दिले. त्याचा अर्थ ‘धोका, गाडी थांबवा’ असा होतो. बाबा पायजम्यात, लाल रुमाल घेऊन जिन्यापर्यंत गेले.

हे मी फोनवर सांगितलं तेव्हा आई हसल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदा. मग हसता हसता म्हणाल्या, “आणि यंत्राचं दार अडतं का गं? दमट हवेत अडायचं. कमरेनं एक धक्का द्यायचा खालच्या कोपऱ्यात, की गोळा सुटायचा.”

“हे तुम्हाला कसं माहीत?”

हसणं थांबलं. “ऐकून माहीत,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

चार दिवसांनी त्यांचं पाकीट आलं. मी मागितला नव्हता, तरी मागच्या अंगणाचा पूर्ण नकाशा, आखीव कागदावर. बाजूला मापं, आकडे एकाखाली एक, सात आकड्याच्या पोटात बारीक आडवी रेघ. असं देखणं, सरळ अक्षर मी जन्मात पाहिलं नव्हतं. आईंच्या हाताला आमच्या घरात लिहायची वेळच येत नाही. मी कागद हातात धरून उभी होते आणि समोर भिंतीवर बाबांचं प्रमाणपत्र होतं. ‘नोंदवही अत्यंत स्वच्छ व अचूक ठेवल्याबद्दल.’ खाली टेबलावर बाबांची वेळांची वही उघडी पडली होती. तिच्यातली पानं शाईत पडलेलं झुरळ फिरून गेल्यासारखी होती.

मी नकाशाकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. यजमान मागं येऊन उभे राहिले होते.

“मी नऊ वर्षांचा होतो,” ते हळूच म्हणाले. “बाबांना हिवताप झाला होता. आई मला म्हणाली, बाहेर कुणाला काही सांगायचं नाही, नाहीतर बाबांची नोकरी जाईल.”

“अहो, त्यांना निवृत्त होऊन बावीस वर्षं झाली!”

“ते अजून घाबरतात,” यजमान म्हणाले. “आणि मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आत्तासुद्धा तुला काही सांगितलं नाही, असं समज.”

मी समजले. प्रमाणपत्राची चौकट आई दर रविवारी ओल्या फडक्यानं पुसायच्या, हे आठवलं आणि त्या रविवारपासून ती मी पुसायला लागले. दुसरं मला काही सुचलं नाही.

पाहणीचा दिवस ठरला. सेक्रेटरी येणार होते. आणि बाबांनी त्यांच्या जुन्या इन्स्पेक्टरसाहेबांनाही बोलावलं. ते वय वर्षं अठ्ठ्याऐंशी, कानात यंत्र, हातात काठी. त्या शाखेवरच्या सगळ्या मास्तरांना त्यांच्या बुटांच्या आवाजानं घाम फुटायचा. प्रमाणपत्रही त्यांनीच दिलेलं. बाबांनी आदल्या दिवशी जुना काळा कोट उन्हात टाकला.

मी आईंना फोन केला. “उद्या या ना.”

“मी कशाला? माझं तिथं काय काम?”

“बरं,” मी म्हटलं. मग मी एक गोष्ट केली, जिचा मला अजून पश्चात्ताप नाही. “एक सांगायचं राहिलं. कपडे वाळत घालायची दोरी मी फलाटाच्या बाजूला बांधली आहे. तिकडेच जागा होती.”

“फलाटाच्या बाजूला?” आईंचा आवाज एकदम चढला. “प्रवाशांसमोर? धुणं? अगं, लोक काय म्हणतील!”

“आता चिकटवून झाली, आई. उद्या सगळे बघतीलच,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता इन्स्पेक्टरसाहेब आले. बाबा कोटाची सगळी बटणं लावून फलाटाशी उभे. साहेबांनी काठीनं सिग्नल दाखवला, गज मोजले, मान हलवली. मग मागच्या बाजूला गेले. विहीर, चपटा दगड, तीन पायऱ्या बघत बराच वेळ थांबले.

“हे मी कधी पाहिलंच नाही,” ते म्हणाले. “वीस वर्षं तपासणीला येत होतो.”

तेवढ्यात सेक्रेटरी घाईघाईनं आत आले. “माफ करा, उशीर झाला. खाली गेटवर कुणीतरी बेवारस बॅग ठेवून गेलंय. नवा वॉचमन म्हणतो, एक आजी ठेवून गेल्या, अर्धा तास नुसत्या फाटकाशी उभ्या होत्या. निळी बॅग, नाडी बांधलेली. आता यावर नोटीस काढायची म्हणजे...”

मी चहाचा ट्रे खाली ठेवला. यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, बोलू नका म्हणून. बाबांचं लक्ष नव्हतं. ते हातातल्या डांबरगोळीकडे पाहत होते. इतक्या दिवसांत झिजून ती वाटाण्याएवढी झाली होती.

“चला, मास्तर,” साहेब म्हणाले. “गाडी काढा.”

यजमान इस्त्रीच्या टेबलामागं जाऊन बसले. आणि घंटी वाजली. तीन ठोके. थांबून दोन. मग एक, जरा लांब. स्वच्छ, न अडखळता.

साहेब कान पुढं करून ऐकत होते. “वा! मुलाचा हात सराईत आहे हो.”

यजमानांनी दोन्ही हात वर केले. ते बटणाच्या जवळपासही नव्हते.

बाबांचा चेहरा मी पाहिला. प्रत्येक मास्तरचा ठोका वेगळा असतो, असं त्यांनी मला सांगितलं होतं. आवाजासारखा ओळखू येतो. मग त्यांनी आपल्या बाजूचं बटण दाबून उत्तर दिलं. तीन. दोन. एक. लाइन मोकळी आहे.

मी दार उघडलं. आई उभ्या होत्या. हातात एक कात्री. कुणाकडेही न पाहता त्या सरळ टेबलाशी गेल्या आणि फलाटाच्या बाजूला पाहिलं. तिथं दोरी नव्हती. दोरी मागच्या अंगणात, त्यांच्या नकाशात होती तिथंच होती. त्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली. त्या नजरेबद्दल मी इथं लिहिणार नाही.

“वहिनी,” साहेबांनी विचारलं, “ती घंटी तुम्ही दिलीत?”

खोलीत कुणी हललं नाही. सेक्रेटरींना काहीच माहीत नव्हतं, पण तेही हलले नाहीत. आईंनी कात्री मिटली. “दाराची घंटी आहे,” त्या म्हणाल्या. “दारात आलं की वाजवतात.”

हेच बेचाळीस वर्षं चाललं होतं. कुणीतरी विचारणार आणि आई असंच काहीतरी उत्तर देणार.

बाबांनी डांबरगोळी टेबलावर ठेवली. भिंतीशी गेले, प्रमाणपत्राची चौकट खिळ्यावरून काढली आणि दोन्ही हातांनी धरून साहेबांसमोर आणली. माझ्या मनात आलं, ह्यांना अजून खरंच वाटतंय की नोकरी जाईल.

“साहेब,” ते म्हणाले, “हे परत घ्या. तुम्ही पाहिलीत ती पानं माझ्या हातची नाहीत. मला हिवताप झाला होता. बदली माणूस मागितला, तो आला नाही. मी खाटेवर होतो. घंटी, गोळा, सिग्नलचा दिवा, नोंदवही... अकरा दिवस ते स्टेशन हिनं चालवलं. आणि बाकीची बावीस वर्षं मला. मी तिथं एकटा नव्हतो.”

साहेबांनी कानातलं यंत्र नीट बसवलं. आई फलाटाच्या कडेवरची धूळ बोटानं पुसत होत्या.

“तेरा,” त्या म्हणाल्या. “अकरा नाही. तेरा दिवस.”